माणसाची बिल्टी

तारीख १४ मार्च २०२३, वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा वाजून आठ मिनिटे. रक्कम रुपये पंचवीस हजार फक्त. ठिकाण अमळनेरमधले एक खाजगी हॉस्पिटल. हजर: माझे थोरले भाऊ नाना, चाकाच्या खुर्चीत छाती धरून, वहिनी, हातात नानांची एक चप्पल घेऊन, काउंटरवरचा माणूस, आणि मी.

काउंटरच्या बरोबर वर काचेच्या फ्रेममध्ये एक तक्ता होता. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी अडवले जाणार नाही. आधी उपचार होतील. पुढे पाठवायचे झाल्यास पुढच्या रुग्णालयाला कळवून, सगळ्या कागदांसह, योग्य वाहनातून पाठवले जाईल. अक्षरे सोनेरी होती. मला तो तक्ता दोनदा वाचता आला, कारण फोनवरून भरलेले पैसे त्यांच्याकडे दिसायला दीड मिनिट लागले आणि तोवर खुर्ची काउंटरपाशीच उभी होती. मी काउंटरवाल्याला बोटाने तक्ता दाखवला. त्याने मान वर केली नाही.

"भाऊ, तो बोर्ड सरकारचा आहे. काउंटर आमचं आहे."

इतकी सरळ बोलणारी माणसे मला त्या इमारतीत दोनच भेटली. पहिला हा. दुसऱ्याबद्दल मी लिहितो आहे.

पैसे दिसल्यावर सगळे भराभर झाले. कार्डिओग्राम निघाला, गोळ्या चघळायला दिल्या, सुई लागली. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते आणि घाबरलेले होते. म्हणाले, "अटॅक आहे. आमच्याकडे पुढची सोय नाही. धुळ्याला न्या." बाहेरच्या पाटीवर हातभर लांबीचे लाल हृदय काढलेले होते आणि खाली 'चोवीस तास' असे लिहिले होते. चोवीस तास काय, ते लिहिलेले नव्हते, म्हणून खोटे म्हणता येत नाही.

नानांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवले. वहिनी चढल्या, मागून मी चढलो. घड्याळात पाहिले, अकरा सव्वीस. गाडी सुरू होईना. पुढे वाकून पाहिले तर ड्रायव्हरची सीट रिकामी.

ड्रायव्हर मागच्या पायरीवर बसला होता. साठीचा, वाळलेला माणूस. खाकी शर्ट, चष्म्याला पांढरा दोरा, मांडीवर एक जाड पुस्तक आणि पुस्तकात कार्बन. गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात होती आणि खिशाचे बटण लावलेले होते. डॉक्टर त्याच्यासमोर उभे होते. एखादा विद्यार्थी गुरुजींसमोर उभा राहतो तसे.

"आप्पा, धुळ्याला सांगितलं ना," डॉक्टर म्हणाले.

"गावनं नाव नका सांगू," तो म्हणाला. "धुळं मी दखेल शे. माणूसनं नाव सांगा. तठे कोणले देसू मी याले?"

"तिथे आपलं टाय-अप आहे."

"टाय-अप हातमा लेई का स्ट्रेचर? फोन लावा."

डॉक्टर आत गेले. मी खाली उतरलो आणि जे बोलू नये ते बोललो. माझा भाऊ मरतोय, तू पुस्तक काय उघडून बसलास, वगैरे. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पेशंटना बापनं नाव काय? गाव कोणतं?" मी ते सांगितले, कारण विचारले की सांगायची मला सवय आहे. त्याने लिहून घेतले. डॉक्टर बाहेर आले, काहीतरी पुटपुटले, त्याने काहीतरी खोडले, डॉक्टर पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले तेव्हा त्याने नाव लिहिले, पान फाडले, आणि कार्डिओग्रामसकट ते पान नानांच्या अंगावरच्या चादरीला सेफ्टी पिनने टाचले. मग बटण उघडून किल्ली काढली.

अकरा सदतीस. अकरा मिनिटे. मी आकडा लक्षात ठेवला.

गाडी मात्र त्याने अशी चालवली की सलाईनची बाटली हलली नाही. मोकळ्या रस्त्यावर भोंगा वाजवला नाही. वहिनींनी विचारले तर म्हणाला, "वहिनी, त्या आवाजनी रस्ता मोकळा व्हस, पण आतला माणूस घाबरस. रस्ता आधीच मोकळा शे."

धुळ्यात फाटकाशी दोन माणसे स्ट्रेचर घेऊन उभी होती आणि एक डॉक्टर स्वतः, "अमळनेरचे पेशंट का?" म्हणून पुढे आले. मला वाटले, धुळ्यातली माणसे दिवसभर अशीच फाटकाशी उभी राहत असतील. नाना आत गेले. आप्पाने पुस्तकावर त्या डॉक्टरांची सही घेतली, वेळ घातली, आणि मग पुस्तक माझ्यापुढे धरले. ते ट्रकमालासोबत जाणाऱ्या पावत्यांचे, म्हणजे बिल्टीचे पुस्तक होते; वरच्या बाजूला केळीच्या घडाचे चित्र होते. खाली लाल अक्षरांत छापले होते: 'नाशवंत माल'. पाठवणार, घेणार, नग, मालाचा तपशील, पोच. नगाच्या चौकोनात लिहिले होते: एक.

"नातेवाईकनी सही. आणि बिल्टीना दहा रुपया."

मी म्हणालो, "माझा भाऊ केळी नाही." सही केली नाही आणि दहा रुपयेही दिले नाहीत.

"बरं," तो म्हणाला. "कोरं ठेवस मी." आणि गेला.

नाना वाचले. आठव्या दिवशी घरी आले. तोपर्यंत मी तक्रार देऊन मोकळा झालो होतो. एक पानी, मुद्देसूद: गंभीर रुग्ण गाडीत असताना चालकाने किल्ली खिशात ठेवून अकरा मिनिटे वाया घालवली, आणि रुग्णाची नोंद केळीच्या पावतीवर केली. मॅनेजरसाहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटे दिली. इतकी आस्था त्या हॉस्पिटलमध्ये नानांनाही मिळाली नव्हती.

"फार बरं केलंत लेखी दिलंत," मॅनेजर म्हणाले. "आम्हाला हेच पाहिजे होतं."

त्यांनी हे ज्या आनंदाने म्हटले, त्यावरूनच मला कळायला हवे होते. आकड्यांच्या माणसाला चेहरे उशिरा वाचता येतात.

पहिला विरोध घरातून आला. नानांना मी मोठ्या अभिमानाने तक्रारीची प्रत दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि उशीवर उलटी ठेवली.

"तू लिहिलंस हे?"

"मग काय करायचं होतं?"

"अरे, मी शुद्धीवर होतो. तुझ्यापेक्षा जास्त. तू ओरडत होतास आणि तो त्या पोरसवदा डॉक्टरला म्हणत होता, तिथली मशीन बंद आहे ना, मग दुसरीकडे लाव. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. त्या सगळ्या गर्दीत आपल्या बापाचं नाव विचारणारा तो एकटा होता."

मला ते पटले नाही. आजारी माणसाला काहीही ऐकू येते. पण विम्यासाठी कागद लागत होते, म्हणून मी हॉस्पिटलमधून सगळी फाईल मागवली. बिल चोवीस हजार आठशे साठ. त्यात 'रुग्णवाहिका थांबा' म्हणून दोनशे रुपये. ज्या थांब्याबद्दल मी तक्रार केली, त्याचे पैसे मीच भरले होते. आणि सगळ्यात खाली बिल्टीची पिवळी कार्बन प्रत.

घेणार: धुळ्यातल्या त्या टाय-अपवाल्या हॉस्पिटलचे नाव, त्यावर आडवी रेघ. बाजूला, 'मशीन बंद, डॉक्टर बाहेरगावी, फोन ११.३०'. त्याखाली दुसऱ्या हॉस्पिटलचे नाव, डॉक्टरांचे नाव, 'होकार ११.३६, माणूस फाटकावर'. मालाचा तपशील या ओळीत 'मालाचा' हा शब्द खोडून नानांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव. स्थिती: 'शुद्धीवर. घाम. बोलतात.' पुढे डॉक्टरांनी सांगितलेले प्रेशर आणि दिलेल्या औषधांची नावे, वेळेसकट.

ती प्रत मी तीन वेळा वाचली. हिशोब सोपा होता. अकरा सव्वीसला गाडी निघाली असती तर बारा-सव्वाबाराला आम्ही एका बंद मशीनसमोर उभे असतो, आणि तिथून पुढचा दरवाजा शोधायला मी, वहिनी आणि एक चप्पल.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. सुकलाल आप्पा नव्हते. त्यांचे पूर्ण नाव मला त्या दिवशी कळले. तक्रारीत मी त्यांना 'सदर चालक' म्हटले होते. ड्रेसिंग करणाऱ्या शोभा सिस्टर म्हणाल्या, "त्यांना काढलं. तुमच्याच कागदावर." मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला बाकावर बसवले आणि त्यांचे काम चालू असताना, तुकड्या-तुकड्याने, सांगितले.

आप्पा चोपड्याकडचे. बावीस वर्षे केळीचा ट्रक चालवला, रावेरहून दिल्ली, चोपड्याहून कानपूर. डोळे अधू झाले, लांबचे काम सुटले, म्हणून ॲम्ब्युलन्सवर लागले. पहिल्याच वर्षी एका बाईला घेऊन जळगावला गेले. साप चावला होता. इथून सांगितले होते, 'जळगावला न्या.' पहिल्या फाटकावर बेड नव्हता. दुसऱ्यावर डॉक्टर नव्हते. तिसऱ्यावर घेतले, पण घेतले तेव्हा घेण्यासारखे फार उरले नव्हते. येताना तिचा नवरा पुढच्या सीटवर बसला होता. पाळधी सोडल्यावर त्याने विचारले, "आप्पा, आपण जाई कोनाकडे राह्यंतूत?"

"आपण कोणाकडे चाललो होतो, ते आप्पांनाही कोणी सांगितलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "मला सांगायचे, बावीस वर्षांत केळीचा एक घडसुद्धा कोणाकडे उतरायचा ते ठरल्याशिवाय मी हलवला नाही. केयीना ट्रकले बिल्टी लागस. माणूसले नही?"

दुसऱ्या दिवशी ते चोपडा रोडच्या ट्रान्सपोर्टवरून स्वतःच्या पैशाने बिल्टी बुक घेऊन आले. हॉस्पिटलमध्ये पाठवणीचा छापील फॉर्म होता. छान होता, इंग्रजीत होता, आणि कपाटात होता. कपाटाची किल्ली मॅनेजरकडे असायची आणि मॅनेजर सहाला घरी जायचे. आजारी पडणाऱ्यांनी ही वेळ पाळली असती तर काहीच अडचण नव्हती.

पुस्तक महाग पडायचे म्हणून बिल्टीमागे दहा रुपये घ्यायचे. परवडत नाही म्हणणाऱ्याकडून घ्यायचे नाहीत, पण मग पानावर 'दहा रुपये माफ' असे लिहायचे. त्यांच्या पुस्तकात हिशोब जुळल्याशिवाय राहत नसे. एक गोष्ट सिस्टरांना कळत नव्हती. आप्पा पानावरचा 'मालाचा' हा शब्द दर वेळी खोडत. वरचा 'नाशवंत' कधी खोडत नसत.

सेफ्टी पिनचे प्रकरण नंतरचे. एका गावातून आजोबा आले, मागून जीपमध्ये अर्धे गाव. इथून जळगावला पाठवायचे ठरले. कागद कोणाकडे द्यायचे, तर घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाकडे. तो होता जावई. आणि जावयाला ॲम्ब्युलन्समध्ये कोंबायचे कसे, म्हणून तो मानाने जीपमध्ये पुढे बसला. ॲम्ब्युलन्स रेल्वे गेट ओलांडून गेली आणि गेट पडले. एक मालगाडी, मग दुसरी मालगाडी. जळगावात आजोबा पोचले, त्यांना कोणते इंजेक्शन दिले ते सांगणारा कागद गेटवर उभा. डॉक्टरांनी पहिल्यापासून तपासण्या सुरू केल्या. पाऊण तासाने जावई कागद घेऊन आला. सोबत सगळ्यांसाठी भजी पण आणली होती, कारण गेटवर भज्यांची हातगाडी होतीच.

"आजोबा वाचले," सिस्टर म्हणाल्या. "पण आप्पा दुसऱ्या दिवशी पिनांचं पाकीट घेऊन आले. म्हणाले, कागद माणूसना अंगवर. जावाईना खिसामा नही."

"मग त्यांना काढायचं कारण काय? मी लिहिलं ते तर निमित्त," मी म्हणालो.

सिस्टरांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. "भाऊ, ते फोन लावायला लावायचे ना. फोन लावला की कळतं, टाय-अपवाल्यांकडे सोय नाही. मग पेशंट दुसरीकडे जातो. टाय-अप कशासाठी असतं, तुम्ही हिशोबाचे माणूस आहात, मी काय सांगू."

मी तिथून उठून मॅनेजरच्या खोलीत गेलो. तक्रार मागे घ्यायची आहे म्हणालो. या वेळी चहा आला नाही. मॅनेजरांनी रजिस्टर उघडले, माझी ओळ दाखवली. तक्रार क्रमांक, तारीख, स्वरूप, केलेली कारवाई.

"यात मागे घेण्याचा रकाना नाही," ते म्हणाले. "आम्ही नियमाबाहेर काही करत नाही."

"त्यांचा पंधरा दिवसांचा पगारही थांबवलाय म्हणे."

"चौकशी पूर्ण होईपर्यंत."

"चौकशी कोण करतंय?"

"ती अजून नेमायची आहे."

दोन महिन्यांनी त्या हॉस्पिटलची तपासणी झाली. तातडीच्या रुग्णांची पाठवणी नियमाप्रमाणे होते का, एवढेच बघायला माणसे आली होती. हे मी डोळ्यांनी पाहिले नाही. नानांच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा सिस्टरांनी सांगितले आणि भिंतीने दाखवले. कपाटातले छापील फॉर्म कोरे निघाले. गठ्ठ्यावरची रबराची रिंगसुद्धा मूळचीच होती. मॅनेजर दहा मिनिटे आत गेले आणि सहा पुस्तके घेऊन बाहेर आले. वरचे केळीच्या घडाचे पान दिसू नये म्हणून तपकिरी कागदाचे कव्हर घातले होते. आत प्रत्येक रुग्णाचे नाव, गाव, फोनची वेळ, होकार देणाऱ्या डॉक्टरांचे नाव, निघण्याची वेळ, पोचल्याची सही. असे रेकॉर्ड जिल्ह्यात पाहिले नाही, असे तपासणीवाले म्हणाले. पुढे त्यांनी तक्रार निवारणाबद्दल विचारले. मॅनेजरांनी माझी तक्रार दाखवली. कारवाई: चालकास कमी केले. तेही समाधानकारक ठरले.

म्हणजे आप्पांनी जे केले त्याबद्दल हॉस्पिटलला शाबासकी मिळाली, आणि ते केल्याबद्दल आप्पांना काढले त्याचीही मिळाली. एकाच माणसाकडून दोन्ही बाजूंनी गुण वसूल करण्याचे हे कसब मी चाळीस वर्षांच्या जमाखर्चात कुठे पाहिले नाही. काउंटरवरच्या तक्त्याशेजारी आता दुसरी फ्रेम आहे, तपासणीच्या प्रशस्तिपत्राची. तिच्यातही अक्षरे सोनेरी आहेत. नव्या ड्रायव्हरला पायरीवर बसायची सवय नाही. 'धुळे' म्हटले की तो धुळ्याला निघतो.

आप्पांना शोधायला मला अजून तीन आठवडे लागले. चोपड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये टेबलामागे ते बसले होते. समोर केळीने भरलेला ट्रक काट्यावर उभा होता. त्यांनी ड्रायव्हरला वर न बघता विचारले, "कानपूरमा कोणले?" आणि नाव ऐकल्यावर लिहिले. मग माझ्याकडे पाहिले. ओळखले.

"नाना कसा शेत?"

"बरे आहेत. रोज दोन किलोमीटर चालतात."

"दोन ना? मोजतस का तुम्ही?" ते हसले. खुर्ची नव्हती, एका रिकाम्या क्रेटवर मला बसवले.

मी जे ठरवून गेलो होतो ते सांगितले. माझे चुकले, कागदावर नंतर पाहिले, तक्रार मागे घ्यायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतले. मग टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढले. सातवे. हॉस्पिटलला सहा मिळाली होती, हे अर्धे वापरलेले त्यांनी निघताना सोबत आणले होते. थुंकी लावून पाने उलटली.

"तुमन्ही तक्रार माले वाची दाखाडी व्हती," ते म्हणाले. "एक चूक शे तिच्यामा."

"एकच?"

"अकरा मिनिटं लिखेल शेतस. तेरा व्हतात. हाई दखा, पेशंट गाडीमा ११.२४. तुम्ही चढनात ११.२६. तुम्ही सोताना चढापासून मोजं."

मी पान पाहिले. बरोबर होते. माझ्या आयुष्यातली ती एकच लेखी तक्रार, आणि तिच्यातला एकमेव आकडा चुकलेला निघाला.

मी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्यात सात हजार पाचशे होते, थांबवलेल्या पंधरा दिवसांच्या पगाराइतके. सिस्टरांना विचारून आणले होते. आप्पांनी पाकीट उघडून पाहिले, मोजले, बंद केले आणि माझ्या बाजूला सरकवले.

"घेणार बरोबर शे," ते म्हणाले. "पाठवणार चुकेल शे. हाऊ पैसा हॉस्पिटलकडून येवाले पाहिजे. तुमन्हाकडून लिधा तर त्यासनं खातं साफ व्हई जाई. कसाले?"

मी पाकीट परत खिशात ठेवले. काट्यावर दुसरा ट्रक चढत होता. त्यांनी पुस्तक फिरवून माझ्यापुढे धरले. १४ मार्चचे पान. नातेवाईकाची सही: कोरी. मी पेन काढले आणि सवयीने तारीख घालताना १४ मार्च लिहायला लागलो. त्यांनी माझे मनगट धरले.

"आजनी टाका. वेळ पण. उशीर व्हयना ते दिसू द्या."

मी आजची तारीख घातली. वेळ घातली, दुपारचे एक वाजून वीस मिनिटे. सही केली. ते चष्मा वर करून ट्रकच्या चाकाकडे बघत होते, चाक काट्यावर पुरते चढले आहे का ते. ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "हातभर पुढे ले," आणि माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला.

जमाखर्च असा. हॉस्पिटलला भरले पंचवीस हजार. परत आले एकशे चाळीस. धुळ्याच्या हॉस्पिटलचे बिल विम्याने दिले. थांबवलेला पगार साडेसात हजार, हॉस्पिटलकडून आप्पांना अजून येणे आहे. त्याबद्दल मी दर महिन्याच्या चौदा तारखेला लेखी विचारतो आणि पोच घेतो. सुकलाल आप्पांना, बिल्टीचे, रुपये दहा, रोख दिले. पावती मिळाली.